‘छे, नको’ आणि नुसतं ‘नको’

आमच्या काउंटीत पहिल्याच विचारण्याला कॉफीला ‘हो’ म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर परगावचा. रीत अशी आहे, की पहिल्यांदा विचारलं की ‘छे, नको’ म्हणायचं. मग थोडा वेळ हवामानावर बोलायचं. दुसऱ्यांदा विचारलं की ‘छे, उगाच कशाला त्रास’. पुन्हा थोडं हवामान, आणि जमलं तर कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अर्धा कप’. आणि मग पोटभर प्यायची. आमचे पणजोबा नॉर्वेहून निघाले तेव्हा बोटीत ट्रंका कमी आणि संकोच जास्त भरला असावा, अशी माझी समजूत आहे.

सेल्मर ब्रेक्के म्हणजे या शास्त्रातला आमचा पंडित. अपेंडिक्स काढायला दवाखान्यात नेला, तेव्हा भुलीचं इंजेक्शन पुढे आल्यावर ‘छे, माझ्यासाठी उगाच कशाला’ म्हणाला होता म्हणे. नर्स आमच्याच भागातली होती म्हणून वाचला. तिने पुन्हा विचारलं.

उंच, वाकलेला, हात कोपरापासून पुढे तपकिरी आणि कोपराच्या वर दुधासारखा पांढरा. टोपी काढली की कपाळाचीही तशीच वाटणी. गावाच्या उत्तरेला, जिथे नॉर्थ डकोटाचा वारा कॅनडातून निघाल्यावर पहिल्यांदा काही अडवणारं शोधत येतो, तिथे त्याचं शेत. तो आणि त्याची बहीण बोरगिल्ड त्या घरात जन्मले आणि दोघंही लग्नाच्या भानगडीत न पडता तिथेच म्हातारे झाले. घरातलं बोलणं बोरगिल्डकडे होतं आणि ऐकणं सेल्मरकडे. शेजारी आले तर बोरगिल्डकडे येत. चर्चच्या बायका, बी-बियाण्याचा माणूस, लोणच्याच्या बरण्या परत करायला आलेल्या मैत्रिणी. सेल्मर दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहायचा आणि सगळे गेले की म्हणायचा, “बरं झालं.” हे कौतुक की सुटका, ते बोरगिल्डलाच कळे.

ती गेली तेव्हा सगळी काउंटी जेवणाची भांडी घेऊन त्याच्याकडे गेली. भांडी परत आली. पाठोपाठ माणसं मात्र परत गेली नाहीत. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. जायचं कुणाकडे, हा प्रश्न होता. सेल्मरकडे जाऊन बोलायचं काय? तो ‘हं’ म्हणणार, आपण ‘हं’ म्हणणार, आणि घड्याळ मधूनमधून बोलणार.

पुढच्या वसंतात तो आमच्या माती-पाणी मंडळाच्या कचेरीत आला आणि म्हणाला, घराच्या पश्चिमेला झाडांचा एक पट्टा लावावा म्हणतो.

मंडळाबद्दल सांगायला हवं. आमच्या आजोबांच्या काळात इथली माती उठून आभाळात गेली होती. दुपारी कंदील लावावे लागायचे, ताटं उपडी ठेवावी लागायची. तेव्हा लोकांनी मिळून हे मंडळ काढलं, आणि तेव्हापासून ते काउंटीची माती जागेवर बसवून ठेवायचं काम करतं. पाच निवडून दिलेले सभासद असतात. निवडणूक कडक असते, म्हणजे जो सभेला गैरहजर तो निवडून येतो. मंडळ गवताचं बी पेरायचं यंत्र भाड्याने देतं, शाळेतल्या पोरांना खड्ड्यात उतरवून मातीचे थर दाखवतं, हिवाळ्यात सगळ्यांना एकत्र जेवायला बोलावून नद्यांच्या काठांवर भाषणं ऐकवतं. पण मंडळाचं खरं काम म्हणजे झाडं. शेताच्या, घराच्या, गोठ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला रांगांवर रांगा, बाहेरून झुडपं, मधे उंच झाडं, आतून सदाहरित जुनिपर. वारा आपटतो, वर उचलला जातो आणि माणसाला सोडून पुढे जातो. याला आम्ही पट्टा म्हणतो.

दर मे महिन्यात मंडळाचं लागवडीचं यंत्र मी माझ्या ट्रॅक्टरला जोडून ओढतो. यंत्राचं पातं जमीन चिरत जातं. मागे जमिनीलगत दोन लोखंडी खुर्च्या, त्यांत दोन माणसं ट्रॅक्टरकडे पाठ करून बसतात आणि आळीपाळीने चरात एकेक रोप सोडतात. त्यांच्या मागची दोन चाकं माती दाबत येतात. उजव्या खुर्चीत डार्लीन केसेल. ती कित्येक वर्षं तिथेच बसते, आणि त्या खुर्चीला आता तिच्या बैठकीचा आकार आलाय, असं मी एकदा म्हणालो तर तिने माझ्यावर ओल्या भुशाचा गोळा फेकला होता. रोपं त्या भुशात गुंडाळून येतात.

तर सेल्मरचा पश्चिमेचा पट्टा आम्ही लावला. दुपारी त्याने जेवायला थांबवलं. टेबलावर उकडलेले बटाटे, मांसाचे गोळे रश्शात, बीटचं लोणचं, बटाट्याची लेफ्से-पोळी. बोरगिल्डचा स्वच्छ टेबलक्लॉथ. माणूस पहाटेपासून रांधत असणार. आम्ही रीतीप्रमाणे ‘छे, डबे आणलेत’ म्हणालो, तो रीतीप्रमाणे गप्प बसला, मग पुन्हा विचारलं, मग पुन्हा. तोवर रश्शावर साय आली होती. डार्लीनचं माहेर रशियातून आलेल्या जर्मनांचं. त्यांच्यात एकदाच नाही म्हणतात, त्यामुळे ती आधीच ताट वाढून बसली होती. त्या दिवशी सेल्मर बोलला. फार नाही. पण बोरगिल्ड मांसाच्या गोळ्यांत जायफळ घालायची आणि त्याला ते कधीच आवडलं नाही आणि आता तोच घालतो, एवढं एका दमात बोलला. त्याच्या मानाने ते भाषणच.

पुढच्या वर्षी त्याला यंत्रशाळेभोवती पट्टा हवा झाला. मग धान्याच्या कोठारांभोवती. मग रस्त्याकडेने, बर्फ अडवायला. मग गॅसच्या टाकीभोवती. मग जिथे गुरं बांधायची तिथे, गुरं विकून टाकल्यावर. एका वर्षी तर आम्ही त्याच्या जुन्या बाहेरच्या संडासाभोवती रानप्लमची दुहेरी रांग लावली. त्याचा शेवटचा उपयोग त्याच्या वडिलांनी केला होता. डार्लीन म्हणाली, “लाइल, हा माणूस कुणापासून लपतोय?”

“लपत नाहीये,” मी म्हणालो. “आपल्याला बोलावतोय.”

तिने मग थट्टा केली नाही. पुढच्या वर्षी तिने जाताना अॅपल-पाय भाजून नेला. तो म्हणाला, छे, उगाच कशाला. ती म्हणाली, “गप्प, खा.” तेव्हापासून लागवडीचा दिवस म्हणजे वर्षातला तो एक दिवस, जेव्हा सेल्मर ब्रेक्केच्या टेबलाशी माणसं बसत. हे आम्हा दोघांना माहीत होतं. बोललो मात्र कधीच नाही. आमच्याकडे माहीत असलेल्या गोष्टी बोलायच्या नसतात. मग माहीत असून उपयोग काय, असं परकी माणसं विचारतात.

असं विचारणारं माणूस गेल्या शरद ऋतूत आलं. मंडळाची नवी व्यवस्थापक रेनाटा कोलुची, न्यू जर्सीची. हुशार, कामाला वाघ, आणि विचारलेल्या प्रश्नाला लगेच उत्तर देणारी. पहिल्याच दिवशी डार्लीनने विचारलं, “कॉफी घेशील?” तर म्हणाली, “हो, प्लीज, दूध घालून.” डार्लीनने अजून भांडं गॅसवरही ठेवलं नव्हतं. तीनदा विचारेपर्यंत कॉफी होते, असा तिचा हिशेब. बिचारी धावतच आत गेली.

एप्रिलमध्ये सेल्मरचा अर्ज आला. आता मोकळ्या माळाच्या मधोमध एक पट्टा हवा होता. रेनाटा जागा पाहायला गेली. परत आली ती हसावं की रडावं अशा चेहऱ्याने.

“मी विचारलं, सेल्मर, हा पट्टा कशाचं रक्षण करणार? तिथे काहीच नाहीये.”

“मग?” मी म्हणालो.

“म्हणाले, एखादी गाय येईल.”

डार्लीन खिडकीकडे पाहायला लागली.

“मी नाही देऊ शकत, लाइल. नियमात बसत नाही. आणि खरं सांगू? त्या माणसाच्या शेतात आता झाडाला झाडाचा वारा लागत नाही.” ती खुर्चीत टेकली. “पण मला कळलं ते काय आहे. मी काही दगड नाही. मी म्हटलं, डाव्या खुर्चीतला माणूस मुलीकडे अॅरिझोनाला गेलाय, जागा रिकामी आहे, तुम्हीच या ना आमच्याबरोबर. सगळा हंगाम. रोज माणसं, रोज जेवण. यापेक्षा चांगलं काय?”

खरंच यापेक्षा चांगलं काही नव्हतं. आम्हा दोघांना इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं. मी म्हणालो, “काय म्हणाला?”

“म्हणाले, छे, नको, माझी अडचणच व्हायची. मी म्हटलं ठीक आहे. आणि निघाले.”

डार्लीनने हातातला कप खाली ठेवला.

“कितीदा विचारलंस?” डार्लीनने विचारलं.

“म्हणजे? एकदा. मोठा माणूस आहे. नको म्हणाला.”

“अगं बाई,” डार्लीन म्हणाली, “तो नको नाही म्हणाला. तो ‘छे, नको’ म्हणाला.”

मग आम्ही दोघांनी त्या पोरीला शिकवायला घेतलं. आपली रीत दुसऱ्याला समजावून सांगताना आपण किती येडे आहोत हे पहिल्यांदा लख्ख दिसतं. पहिला नकार सभ्यपणाचा. दुसरा नकार समोरच्याला सुटायला वाव म्हणून, उगाच तोंडदेखलं विचारलं असेल तर बापड्याने सुटावं. तिसरं विचारणं खरं. रेनाटाने डोकं धरलं. “आणि खरंच नको असेल तर?”

“तर ‘छे’ नसतं,” मी म्हणालो. “नुसतं ‘नको’.”

“आणि तो माणूस आता काय करत असेल?”

“वाट बघत असेल,” डार्लीन म्हणाली. “दुसऱ्या विचारण्याची.”

वाट बघतच होता. आम्ही पोचलो तेव्हा तो अंगणात उगाच एक फळी एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे नेत होता. आत गेलो. टेबलाच्या कडेला नवे कोरे कातडी हातमोजे पडले होते, दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती. रेनाटाने ते पाहिले. मीही पाहिले. सेल्मरने आम्ही पाहिलेले पाहिले आणि त्यांच्यावर वर्तमानपत्र ठेवलं.

कॉफीचा सोहळा झाला. रेनाटाने दोनदा नाही म्हटलं, मोठ्या कष्टाने. मग बोलणं पावसाकडून बर्फाकडे आणि बर्फाकडून परत पावसाकडे आलं. मग ती म्हणाली, “सेल्मर, ती खुर्ची अजून रिकामीच आहे. तुम्ही आलात तर फार बरं होईल.”

त्याने कप फिरवला. “छे,” म्हणाला, “कुणी तरुण मिळेल की.”

उत्तम. दुसरा नकार अगदी सुरात लागला होता. आता फक्त पाच मिनिटं हवामान हवं होतं, किंवा एखादा गुडघा. मी तोंड उघडलंही होतं. पण न्यू जर्सीला धीर निघेना. ती पुढे झुकली, तिचे डोळे चमकत होते, आणि दुसऱ्या नकाराचा श्वास खाली बसायच्या आतच म्हणाली, “या ना, सेल्मर. मी तिसऱ्यांदा विचारतेय.”

तिला वाटलं, आपण दार उघडलं.

सेल्मरचे कान लाल झाले. आधी कान, मग ती टोपीखालची पांढरी पट्टी. तिसऱ्यांदा! म्हणजे कुणीतरी मोजलं होतं. म्हणजे कुणीतरी शिकवलं होतं. म्हणजे कचेरीत कॉफी पिता पिता सेल्मर ब्रेक्के एकटा आहे, त्याला तीनदा विचारावं लागतं, असं ठरलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला पाहण्यापेक्षा जास्त लागलं.

“नको,” तो म्हणाला.

‘छे’ नव्हतं.

ट्रक फाटकातून बाहेर पडेपर्यंत रेनाटा मागे वळून घराकडे पाहत होती. मग म्हणाली, “माझं काय चुकलं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “तू फक्त मोठ्याने मोजलंस.”

मे आला. रोपं आली. डाव्या खुर्चीत बसायला कुणी मिळेना, तेव्हा रेनाटा स्वतःच बसली. पहिल्या दिवशी उतरली तेव्हा तिला सरळ उभं राहता येईना. डार्लीन म्हणाली, “आता तू आमच्यातली झालीस, वाकलीस.” आमच्या पद्धतीने हे कौतुक होतं. आम्ही या शेतावरून त्या शेतावर गेलो. दुपारी ट्रॅक्टरच्या सावलीत डबे उघडले. ब्रेडच्या दोन चकत्यांमध्ये काय घातलंय हे वाऱ्यामुळे कुणाला कळत नसे, सगळ्याला मातीचीच चव.

सेल्मर दिसायचा. टपालपेटीपाशी पिकअप उभी करून आत बसलेला असायचा. आमच्याकडे टपाल दिवसातून एकदा येतं. त्याला त्याची फार वेळ वाट पाहावी लागत असावी. आम्ही जाताना तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. मीही एक बोट उचलायचो. रेनाटा आख्खा हात हलवायची, आणि मग तो काच पुसायला लागायचा.

हंगामाच्या शेवटाला त्याच्या समोरच्याच शेतात काम निघालं. मधे फक्त रस्ता. पलीकडे सेल्मरचे पट्टे, एकामागे एक, असे दाट की घराचं छप्परही दिसू नये. इतक्या वर्षांची आमचीच मेहनत. वारा उत्तरेचा होता, बोचरा. रेनाटाचे हातमोजे फाटले होते, बोटांवर चिकटपट्ट्या. दुपारच्या सुमाराला मी रांगेच्या टोकाला ट्रॅक्टर वळवायला थांबलो, तर समोरच्या पट्ट्यातली झुडपं हलायला लागली. मला वाटलं हरीण. हरीण बराच वेळ धडपडलं, एकदा नॉर्वेजियनमध्ये काहीतरी पुटपुटलं, आणि सेल्मर ब्रेक्के बाहेर आला. टोपी आतच अडकून राहिली होती. त्याने आपल्या शेताभोवती इतकी झाडं लावली होती, की सरळ रस्त्यावर यायला वाटच ठेवली नव्हती.

तो रस्ता ओलांडून आला आणि यंत्रापाशी उभा राहिला. कपाळ पांढरं, गालावर ओरखडा. हातात हातमोजे. चिठ्ठी काढलेली होती.

मी इंजिन बंद केलं. डार्लीन म्हणाली, “वारा आहे.” मी म्हणालो, “आहे.” आम्ही त्याला जागा करून देत होतो. आता तो म्हणेल, बऱ्याच रांगा झाल्या. मग मी म्हणेन, झाल्या. मग कुणीतरी खुर्चीबद्दल काहीतरी न बोलता बोलेल. संध्याकाळपर्यंत जमलं असतं.

सेल्मर आमच्याकडे आलाच नाही. तो रेनाटासमोर जाऊन उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

“मला बसायचंय इथे,” तो म्हणाला.

डार्लीन ताबडतोब क्षितिजाकडे पाहायला लागली, कुणी कपडे बदलत असताना आपण दुसरीकडे पाहतो तशी. मी ट्रॅक्टरच्या डिझेलचा काटा पाहिला. डिझेल भरपूर होतं. आपल्याला काय हवंय ते सत्तरी उलटलेला माणूस सरळ तोंडाने सांगतोय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ऐकताना माझेच कान तापले. आमच्यापैकी कुणाला तो हे सांगू शकला नसता. आम्हाला त्याचा अर्थ फार नीट कळला असता.

रेनाटाने हवामान काढलं नाही. ती खुर्चीतून उठली, पाठीवर हात ठेवून सरळ झाली आणि म्हणाली, “बसा. देवा, बसा एकदाचे.”

तो बसला. गुडघे कानांपर्यंत आले. डार्लीनने न पाहता रोपांची जुडी त्याच्या मांडीवर ठेवली. मी इंजिन सुरू केलं. मागे वळून पाहिलं तेव्हा तो आणि डार्लीन शेजारीशेजारी बसून मागे सरकणाऱ्या जमिनीकडे पाहत होते. एक रोप तिचं, एक त्याचं. ट्रॅक्टरच्या आवाजात बोलता येत नाही. तेही बरंच.

जेवायला आम्ही चौघं ट्रॅक्टरच्या आडोशाला बसलो. सेल्मरने काही आणलं नव्हतं. रेनाटाने अर्धा ब्रेड त्याच्या हातात ठेवला, विचारलंच नाही. तो खाताना म्हणाला, “जायफळ नाही यात.” आम्ही खात राहिलो, आणि तो पुढे बोलत राहिला. बोरगिल्डबद्दल थोडं. मग घराबद्दल, की हल्ली तिथे वारा अजिबात ऐकू येत नाही, आणि वाऱ्याची इतकी सवय होती की झोप लागत नाही. एवढं बोलून तो स्वतःच दचकला आणि रोपं मोकळी करायला उठला.

काम संपेपर्यंत सूर्य कलला. मी यंत्र वर उचललं, डार्लीनने उरलेली रोपं भुशात गुंडाळली. सेल्मर उतरला, हातमोजे एकमेकांवर झटकले. रेनाटा म्हणाली, “सकाळी सातला, कचेरीपाशी.” त्याने मान हलवली. मग तो रस्त्यापलीकडे गेला, झुडपांत हात घालून टोपी शोधली, मिळाली नाही, आणि पट्ट्याच्या कडेकडेने फाटकाकडे चालायला लागला. फाटक लांब होतं, पार पूर्वेच्या टोकाला. जाता जाता एकेका झाडाला हात लावत होता.

रेनाटा म्हणाली, “ट्रकने सोडू या का?”

“राहू दे,” डार्लीन म्हणाली. “घरी पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढं बरं.”